पत्ता : ठाण्याजवळ

लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात किंवा डॉक्टरांच्या बाकावर कोणी विचारले, "सध्या कुठे असता?" की माझे उत्तर ठरलेले असे : "ठाण्याजवळ." समोरचा गृहस्थ चिकाटीचा निघाला तर, "बाळकुमचा नाका आहे ना, तिथून कशेळीचा पूल ओलांडला की," एवढी कबुली मी देत असे. पूल ओलांडला की काय, ते मात्र सांगायचे नाही. काल्हेर हा तीन अक्षरांचा शब्द, पण तो काही केल्या ओठांवर येत नसे. नऊ वर्षे मी ह्या गावात राहतो आहे आणि त्यांतली पहिली तीन-चार वर्षे मी त्याचे नाव लपवून काढली.

हे मी एकट्याने केले असे समजू नका. आमच्या इमारतीतली बहुतेक बिऱ्हाडे हेच करतात. लग्नाच्या मुलीची माहिती लिहिताना पत्त्याच्या रकान्यात ठाणे लिहितात आणि भिवंडी तालुका हे दोन शब्द शाईबरोबर वाळून जातात. घरे विकणाऱ्यांनी तर आमच्यावर ताण केली. त्यांच्या रंगीत कागदांवर आमचा मुलूख कधी 'नवे ठाणे' असतो, कधी ठाण्याचा विस्तार. काल्हेर असतोच कुठे तर नकाशातल्या एका बारीक ठिपक्यात. ह्या लाजेची पूर्वी मला गंमत वाटे. आता वाटत नाही, कारण तिने काय केले ते मी पाहिले आहे, आणि त्या कृत्यावर माझी स्वतःची सही आहे.

परळच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही इथे आलो : मी, पत्नी, दोन मुले आणि माझी आई. खिडकीतून नदी दिसेल असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. सातव्या मजल्यावरून समोर पाण्याचा रुंद पट्टा दिसतो, पलीकडे कोलशेत आणि त्यामागे येऊरचे डोंगर. सूर्य त्या डोंगरांत मावळतो. पण पहिले वर्षभर ती खिडकी आम्ही उघडली नाही. वास येतो, डास येतात, अशी शेजाऱ्यांनी आधीच ताकीद दिली होती. आमचे तोंड होते रस्त्याकडे. बसकडे, रिक्षाकडे आणि पुढे ज्यांचे खांब उभे राहिले त्या मेट्रोकडे.

पहिल्याच पावसाळ्यात एक अर्ज दारोदार फिरला. इमारतीच्या मागील बाजूस वाढलेली झुडपे व चिखल यांमुळे डासांचा उपद्रव होत असून सदर झुडपे काढून, भराव टाकून, भिंत घालावी, व जमल्यास जॉगिंग ट्रॅक करावा, अशी त्यात मागणी होती. मी चष्मा लावून अर्ज वाचला. 'उपद्रव' ह्या शब्दातली एक चूक दुरुस्त केली आणि सही ठोकली. 'झुडपे' ह्या शब्दापाशी मी अडखळलोसुद्धा नाही. चाळीस वर्षे मराठी वाचणाऱ्या माणसाला आपल्या दाराशी उभ्या असलेल्या झाडाचे नाव ठाऊक नव्हते, आणि नाव ठाऊक नसलेली वस्तू तोडायला त्याला क्षणभरही लागला नाही.

ते नाव मला आईने सांगितले. तिचे माहेर अलिबागकडचे, खारजमिनीतले. लग्न होऊन ती परळला आली आणि गिरणीच्या भोंग्यावर तिने पन्नास वर्षे काढली. माहेरचे काही तिच्यात उरले असेल असे आम्हांला वाटले नव्हते. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भरती लागली वाटतं." आम्ही हसलो. मी म्हटले, "आई, ही नदी आहे. उल्हास नदी." ती म्हणाली, "वर असेल नदी. इथं खाडी आहे. वास बदललेला कळत नाही का तुला?"

मला खरोखरच कळला नव्हता. आणि तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. उल्हास उगम पावते खंडाळ्याच्या घाटाजवळ, राजमाचीच्या खोऱ्यात. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती कल्याणला येते, आणि तिथून खाली तिच्यात गोडे पाणी किती आणि खारे किती हे चंद्रावर अवलंबून असते. आमच्या थोडे वर तिला दोन वाटा फुटतात. एक बारीक फाटा ठाण्याच्या पूर्वेकडून दक्षिणेला मुंबई बंदराकडे जातो. मोठी धार आमच्या खिडकीखालून, घोडबंदरच्या बाजूने वसईला समुद्राला मिळते. शाळेत नद्यांची नावे मी पाठ केली होती, पण ह्यातले एक वाक्य मला ठाऊक नव्हते.

आईने मग मुलांना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीतून इथवर आत यायला आणखी तास-दीड तास धरायचा. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुलाला हे थोतांड वाटले. त्याने छापील भरती-ओहोटीचे कोष्टक मिळवले, महिनाभर वहीत दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडल्या आणि महिन्याच्या शेवटी गुपचूप आजीकडून पंचांग कसे वाचायचे ते शिकून घेतले. आमच्या घरात पंचांग पाहिले जाते ते असे. त्यातल्या ग्रहांशी आमचे फारसे काही नाही.

त्यानंतर आम्ही मागचे फाटक उघडले. तिथून एक पायवाट रेतीबंदराकडे जाते. काल्हेर-कशेळीचे रेतीबंदर एके काळी नावाजलेले होते. डुबी मारून, बादलीने वाळू काढणाऱ्यांचे. पुढे सक्शन पंप आले, त्यांनी तळ ओरबाडला, सरकारी धाडी आणि बंद्या आल्या. ती कथा निराळी आहे. आम्हांला त्या वाटेवर भेटली ती 'झुडपे'. आईने एकाचे पान तोडून नातीच्या हातात दिले आणि म्हणाली, "चाट." पान खारट होते. "तिवर आहे हे. खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं." चिखलातून पेन्सिली रोवल्यासारख्या शेकडो काड्या वर आल्या होत्या, त्या त्याच झाडाच्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून चिखलात चालणारा तो प्राणी पाहून माझा मुलगा, ज्याला घरातली पालसुद्धा सहन होत नसे, दीड तास उकिडवा बसून राहिला. हिवाळ्यात लांब लाल पायांचे शेकाटे आले. खंड्या आणि ढोकरी तर आमच्या आधीपासूनचे रहिवासी होते, पण आमची त्यांची ओळख कोणी करून दिली नव्हती.

बंदरावर एक म्हातारे आगरी गृहस्थ जाळे दुरुस्त करीत बसत. आई त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून अशी बोलू लागली की जणू दोघांचा एकच गाव. जिताडा अजून मिळतो का, चिंबोरी भरलेली कधी असते, खाजणाची उघाडी कोण सांभाळतो, असे प्रश्न. जिताडा आता क्वचित, असे ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "भाऊ, तुमी त्या उंच बिल्डिंगीतले ना? भराव टाकनार म्हनतात. टाका. पन उधानाचं पानी कुठं जाईल, ते पन लिवा अर्जात."

मी त्यांना उत्तर दिले नाही. माझी सही त्या अर्जावर होऊन सहा महिने झाले होते.

आता मुद्द्याचे बोलतो. आमच्या बाजूचे पहिले शस्त्र म्हणजे डास. तिवरामुळे डास होतात हे वाक्य आमच्या सभेत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही. जिथे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि जाते, तिथे डासाच्या अळीला निवांतपणा मिळत नाही. पाण्याबरोबर बारीक मासे येतात आणि ते तिला खातात. डास वाढतो साचलेल्या पाण्यात. आमच्या मागे साचलेले पाणी आहे, हे खरे. ते का साचले, हे मी मुलाबरोबर चालत जाऊन पाहिले. कोणी तरी रात्रीच्या ट्रकांनी राडारोडा आणून टाकला होता आणि खाडीचे पाणी आत आणणारा ओहोळ बुजला होता. आत अडकलेले पाणी हिरवे पडले, त्यातले तिवर वठले, आणि डास झाले. म्हणजे भरावाने केलेल्या रोगावर आम्ही औषध मागत होतो तेही भरावाचेच.

दुसरे शस्त्र वासाचे. वास येतो, हेही खरे. पण तो खाडीचा नव्हे. आमच्या इमारतीचे सांडपाणी ज्या नाल्याला जाते तो नाला खाडीला मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वर अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी कल्याणपाशी उल्हासला मिळते, ती काय घेऊन येते हे आगगाडीच्या खिडकीतून ज्याने एकदा पाहिले त्याला सांगायला नको. गंमत अशी की शहाड-टेमघर योजनेतून भिवंडी, ठाणे आणि मीरा-भाईंदरकडे जे पाणी येते ते ह्याच उल्हासचे. वरच्या अंगाला आपण जिला पितो, तिलाच खालच्या अंगाला नाक मुरडतो.

आणि पाणी जाईल कुठे? 26 जुलै 2005 रोजी बदलापूरपासून कल्याणपर्यंत ह्या नदीने काय केले ते हजारो घरांना आठवते. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान हिच्याच पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी पावसाला दोष दिला. पाऊस पडला हे खरेच. पण पुराचे पाणी खाली उतरताना समोरून उधाण आले तर ते आडवे पसरते. पसरायला त्याला खाजणे लागतात, तिवराचा चिखल लागतो. ती जागा आपण जॉगिंग ट्रॅकला दिली तर पाणी परत फिरून जाणार नाही, ते आमच्या तळमजल्यावरच्या वाहनतळात येईल. आमच्याकडे ते दोनदा आलेही. दोन्ही वेळा सभेत पंप विकत घेण्याचा ठराव एकमताने झाला.

कायदा काय म्हणतो, हे विचारणारा एकही माणूस आमच्या सभेत नव्हता, मीही नव्हतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, आणि 2018 च्या सप्टेंबरात अंतिम निकाल देताना कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे ठरवून भोवतालच्या 50 मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम नको म्हटले. 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. महाराष्ट्रात आंबा राज्यवृक्ष, हरियाल राज्यपक्षी आणि शेकरू राज्यप्राणी, हे आमच्या मुलांना परीक्षेसाठी पाठ असते. चिपी मात्र त्यांना माहीत नाही. आणि तिची भावंडे मागच्या दारी उभी आहेत, त्यांना आम्ही झुडपे म्हणतो.

ह्यावर मला ऐकावे लागलेले उत्तर असे : "तुम्ही स्वतः भरावावर बांधलेल्या इमारतीत राहता, आता आम्हांला उपदेश करता." हा टोला रास्त आहे आणि मी तो चुकवणार नाही. मी सातव्या मजल्यावर बसून हे लिहितो आहे तिथे पूर्वी भात होते, असे म्हातारबाबा सांगतात. भातावर गोदाम आले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायला भिवंडीची ही गावे सोयीची पडली; 2017 साली जकात गेली, गोदामे राहिली, आणि गोदामांच्या मधल्या फटींत आम्ही आलो. गावकऱ्यांनी जमिनी विकल्या, आम्ही घरे घेतली, दोघांनाही गरज होती. परळला ज्या भावात मला एक कपाट ठेवायला जागा मिळाली नसती त्या भावात इथे मुलांना अभ्यासाची खोली मिळाली. त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण एकदा भातावर बसलो म्हणून आता खाडीवरही बसावे, हा कुठला न्याय? उशिरा आलेल्या पाहुण्याने निदान घरातले उरलेले भांडे फोडू नये.

मला जास्त राग येतो तो निसर्गप्रेमी मंडळींचा. आमच्या इमारतीत ती भरपूर आहेत. पावसाळ्यात गाड्या काढून येऊरला जातात, फुलांच्या दिवसांत कासच्या पठारावर, हिवाळ्यात ऐरोलीला रोहित पाहायला. रोहित पाहून आले की भिंतीवर मोठे छायाचित्र लावतात. ठाणे खाडीच्या त्या अभयारण्याला 2022 साली रामसर स्थळाचा मान मिळाला, तेव्हा आमच्या चेअरमननी पेढे वाटले नाहीत एवढेच. पण ती खाडी आणि आमची खाडी ह्यांचे पाणी एकमेकांत मिसळते, ह्याचा त्यांना पत्ता नाही. निसर्ग म्हणजे तिकीट काढून जायची जागा, आणि दाराशी असेल तो चिखल, अशी ही विभागणी आहे. आईने आयुष्यात एकही अभयारण्य पाहिलेले नाही. तिला विचारले तर ती म्हणते, "मला काय करायचंय? मला खाडी येते." लिहिता-वाचता येते तशी तिला खाडी येते.

इतिहासाचेही तसेच. आम्ही मुलांना वसईचा किल्ला दाखवायला नेले आणि चिमाजीअप्पांची 1737 ते 1739 ची मोहीम रंगवून सांगितली. परतल्यावर समजले की त्या मोहिमेत पोर्तुगिजांविरुद्ध खटपट करणारे गंगाजी नाईक हे अंजूरकर, आणि त्यांचे अंजूर आमच्या घरापासून रिक्षाच्या टप्प्यात. ज्या रस्त्यावरून मी रोज बसची वाट पाहत शिव्या देतो त्या रस्त्यावर 'अंजूरफाटा' ही पाटी मी नऊ वर्षे वाचली होती. लोनाडची लेणी आणि शिलाहारांच्या काळचे देऊळ ह्याच तालुक्यात. तिथे आम्ही मागच्या वर्षी पहिल्यांदा गेलो. भिवंडी म्हटले की माग, गोदामे आणि खड्डे एवढेच आम्ही पाहुण्यांना सांगत होतो. खड्डे आहेत, त्यांची वकिली मला करायची नाही. पण नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे, मंत्र्यांकडे तक्रार करायची तर ती ह्या गावचा म्हणून करावी लागते. 'ठाण्याजवळ'चा माणूस तक्रार कोणाकडे करणार? म्हणून आमचे अर्ज नेहमी झाडांविरुद्ध असतात, कारण झाडांना पत्ता विचारता येत नाही.

केंद्र सरकारने 2016 च्या कायद्याने ह्या खाडीला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 केले आहे. म्हणजे उद्या होड्या येतील, धक्के होतील, आणि मागचे दार पुढचे होईल. तेव्हा जाहिरातीत खाडी येईल, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती आधी किती उरलेली असेल, एवढाच प्रश्न.

तो जुना अर्ज मध्यंतरी कुठल्याशा टेबलावर अडकून पडला होता. आता तो पुन्हा बाहेर निघाला आहे. नव्या मसुद्यात 'झुडपे' कायम आहेत, भर म्हणून मागचे फाटक कायमचे बंद करण्याची सूचना आहे. सुरक्षेसाठी, असे कारण दिले आहे. माझी जुनी सही त्याला तशीच जोडलेली आहे. मी ती मागे घेत असल्याचे पत्र चिटणिसांना दिले. ते म्हणाले, "एकट्याच्या सहीनं काय फरक पडतो?" सही घेताना मात्र ते दोन वेळा जिना चढून आले होते.

दिवाळी झाल्यावर रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा आहे. मी पंचांग पाहिले, त्या दिवशी द्वादशी आहे. बाराची पाऊणपट नऊ, आणि खाडीतून आत यायला तास-दीड तास, म्हणजे साडेदहाच्या सुमारास पाणी फाटकापाशी येईल. सभा गच्चीवर न भरवता फाटकापाशी भरवावी, अशी लेखी सूचना मी दिली आहे. खुर्च्या मुले नेतील. आई येणार आहे, म्हातारबाबांनाही तिने निरोप धाडला आहे. तिवराची पाने चाटून पाहायची असतील त्यांनी पावणेदहालाच यावे.